मात्शें राव

पतसंस्थेच्या पावतीच्या पाठीवर
लिहून आणले होते मी अकरा प्रश्न,
देवाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून
महत्त्वाप्रमाणे क्रम लावून.

पहिला गौतमीच्या रात्रपाळीचा.
वेर्ण्याहून ती पहाटे स्कूटरवर येते
आणि बोरीच्या पुलावर ट्रकवाले
आपल्याच बापाचा पूल असल्यासारखे.
दुसरा, कुळागराचा खालचा तुकडा विकावा का.
तिसरा ह्यांच्या साखरेचा.
चौथ्याला नाव सापडलं नाही, नुसतं लिहिलं,
"छातीत. पहाटे तीनला. माझ्या."
असं करत करत अकरावा:
गॅस बंद केला की नाही
हे देवाला विचारलेलं चालतं का.

सावईवेऱ्याचं अनंताचं देऊळ.
विनायकभटांनी पिटकुळीच्या पाकळ्या
पाण्यात बुडवून लावल्या उजव्या-डाव्या,
माझ्या नावाचं गाऱ्हाणं घातलं
आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको,
हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक.
कुठलीच पडली नाही तर काय,
ते कुणी शिकवलं नव्हतं.

पंखा बंद केला, वाऱ्यावर आळ नको म्हणून.
एक माशी पाकळीपर्यंत गेली
आणि विचार बदलून परतली.
"सुटना गो बाय," भट म्हणाले, "मात्शें राव."
आणि चुलीवरचा भात बघायला निघून गेले.

राव म्हणे.
मी बस यायच्या आधी सुटे पैसे मोजते,
बस आली की पुन्हा मोजते.
मला राहणं येत नाही.

खांबाला टेकले. करायला काहीच नव्हतं
म्हणून नीट पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा:
हा देव तर निजलेला आहे.
काळ्या दगडात, नागाच्या वेटोळ्यावर, ऐसपैस.
सगळ्या गावाचे अर्ज ज्याच्याकडे येतात
तो आडवा,
आणि जिच्या सहीवाचून जगात काही अडत नाही
ती मी उभी, पहाऱ्यावर.

आधी हसू आलं. मग राग.
"तुझं बरं आहे," मी म्हटलं,
"तुझी पोर नाही स्कूटरवर."
तो हलला नाही.

मग आठवलं,
बाबा दुपारी ओसरीवर पडायचे, पंचा तोंडावर घेऊन,
तेव्हा आम्ही पोरं जास्तच लांब जायचो,
पार पाटाच्या वळणापर्यंत.
बाबा निजलेत म्हणजे आज घरात
भिण्यासारखं काही नाही,
असा आमचा हिशेब होता.
कधी चुकला असेल. आठवत नाही.

बाहेर पाट वाहत होता
माडांकडून पोफळींकडे,
आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गालावर
खांबाची नक्षी उमटलेली,
साडेबाराची बस गेलेली.
भट पंचाला हात पुसत आले.
"सुटली मगो पाकळी!"
कुठली, ते मी विचारलं नाही.
प्रश्न कुठला चालू होता
तेच आठवेना.

खोटं कशाला सांगू,
पायऱ्या उतरताना गॅस आठवलाच.
आणि त्या रात्री तीनला उठवलंच छातीने,
ठरल्यासारखं.
उठून खिडकीत जाऊन बसायचं, रस्ता बघत,
ही माझी रोजची ड्यूटी.
पाय खाली सोडलेही होते.
तो निजलेला आहे, एवढंच मनात आलं.
पाय वर घेतले.

फाटक वाजलेलं मला कळलं नाही.
गौतमीनेच हलवून उठवलं,
हेल्मेट अजून हातात,
घाबरलेली.
"आई, तू दारात नव्हतीस आज.
बरं नाही का तुला?"

चहाही तिनेच केला.
गॅस तिने बंद केला असेल.